रत्नं, प्रेत आणि अंगठी : जुन्या अद्भुत-साहसकथांमधली ओझी

गोदाकाठ (पैठण)

पैठणात वाढलेल्या माणसाला वेताळाच्या गोष्टी ठाऊक नाहीत असं होत नाही. पण त्या गोष्टी पैठणातच सुरू होतात, हे आपल्याकडेही फार जणांच्या गावी नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात वेताळाला खांद्यावर घेणारा राजा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा आहे, त्रिविक्रमसेन नावाचा.

क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात येतो आणि राजाला एक फळ देऊन जातो. राजा ते कोठाराच्या अधिकाऱ्याकडे देतो आणि विसरतो. दहा वर्षं हा क्रम चालतो. मग एक दिवस ते फळ माकडाच्या हाती लागतं, माकड ते दातांनी फोडतं आणि आतून रत्न खाली पडतं. कोठार उघडून बघतात तर जुनी फळं सडून गेलेली आणि रत्नांची रास तेवढी उरलेली. आता भिक्षू काय मागतो? कृष्ण चतुर्दशीच्या रात्री मसणवट्यात ये आणि शिंशपाच्या झाडाला लटकलेलं प्रेत उतरवून माझ्याकडे आण.

मला इथली रचना फार थोर वाटते. साहसकथेत खजिना शेवटी मिळतो अशी आपली सवय. इथे खजिना पहिल्याच पानावर मिळून गेलाय, तोही न मागता, न कळता. गोष्ट सुरू होते ती त्याची परतफेड करताना, आणि ती परतफेड खांद्यावर घेऊन चालायची आहे. वेताळ प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. राजा पुन्हा मागे वळतो, पुन्हा झाडावर चढतो, पुन्हा ते अंगावर घेतो.

इंग्रजीतल्या त्या गाजलेल्या अंगठीच्या कादंबरीत, टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, मला हीच जात दिसते. तिचा नायक फ्रोडो काही मिळवायला निघालेला नाही. त्याच्याकडे जगातली सगळ्यात मोलाची वस्तू आधीच आहे आणि ती नेऊन आगीत टाकायची आहे. वाट सरत जाते तशी अंगठी जड होत जाते. शेवटी डोंगर चढताना त्याच्यात त्राण उरत नाही तेव्हा त्याचा सोबती सॅम म्हणतो की तुमचं ओझं मला घेता येणार नाही, पण तुम्हाला उचलून घेता येईल, आणि त्याला पाठीवर घेऊन चढायला लागतो. हा प्रसंग वाचताना मला आमच्या घाटावरून प्रेत घेऊन निघालेला राजाच आठवतो.

माझं म्हणणं एवढंच, की या कथांमधलं प्रतीक शोधायचं तर आधी बघावं की पात्र काय वाहून नेतंय आणि ते किती जड आहे. तुम्ही वाचलेल्या जुन्या अद्भुत किंवा साहसकथांमध्ये असं ओझं कोणतं? "अमुक म्हणजे तमुक" अशी यादी नको, प्रसंग सांगा.

---

खडूफळा (नांदेड)

धागा आवडला. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे "अमुक म्हणजे तमुक"चा जाच मला रोजचा आहे. मार्गदर्शकात कवितेतला दिवा म्हणजे ज्ञान असं छापलेलं असतं आणि मुलं दिवा न बघताच ज्ञान लिहून मोकळी होतात.

तुमच्या मुद्द्याच्या उलट टोकाचं उदाहरण देतो, स्टीव्हन्सनच्या खजिन्याच्या बेटाचं. १८८१ साली स्कॉटलंडमध्ये सुट्टीवर असताना सावत्र मुलाला रमवता रमवता एका बेटाचा नकाशा रंगवला गेला आणि त्या नकाशातून कादंबरी निघाली, पुस्तक १८८३चं. नकाशा आधी, पात्रं नंतर. म्हणजे खजिना शेवटी मिळण्याचा साचा ज्याला म्हणतात तो हाच. पण नकाशा बरोबर असूनही ते सगळे जीव मुठीत धरून फुलीपाशी पोचतात तेव्हा तिथे काय असतं? उकरलेला रिकामा खड्डा! बेटावर एकट्याला सोडून दिलेल्या बेन गनने सोनं आधीच आपल्या गुहेत हलवलेलं असतं.

मग गोष्ट सांगणाऱ्या पोराचं, जिमचं, ओझं कुठलं? माझ्या मते चाच्यांचा म्होरक्या जॉन सिल्व्हर. जिम सफरचंदाच्या पिंपात बसलेला असतो, आत झोप लागायच्या बेतात, आणि बाहेर सिल्व्हर एका तरुण खलाशाला फितवत असतो. जी गोड वाक्यं त्याने जिमला ऐकवली होती तीच त्याला ऐकवतो. जिमला पहिला धक्का बंडाचा बसत नाही, आपल्याला मिळालेली माया दुसऱ्यालाही तशीच वाटली जातेय याचा बसतो. त्या पिंपात तो पोर म्हणून शिरतो आणि बाहेर येतो तेव्हा सगळ्या जहाजाचा जीव त्याच्या हाती असतो. एवढं होऊनही त्याला सिल्व्हर आवडायचा थांबत नाही. लेखकानेही सिल्व्हरला फासावर चढवलेलं नाही. तो थोडं सोनं घेऊन पळतो आणि परत कुणाला दिसत नाही. जिम म्हणतो की त्या बेटावर आता मी कशानेही जाणार नाही, पण स्वप्नात त्याला सिल्व्हरच्या पोपटाचं ओरडणं ऐकू येतं. सोनं वाटून संपलं, पोपट राहिला.

त्यातली काळी खूण पण बघा. चाचे आपल्या म्होरक्याला पदावरून काढल्याची चिठ्ठी देतात ती एका पोराच्या बायबलचं पान कापून. कागद दुसरा नव्हता म्हणून. लेखक त्यावर एक वाक्यही भाष्य करत नाही, पण ज्याचं बायबल होतं तो पुढे भेदरून जातो. प्रतीक असं पाहिजे, कथेतल्या माणसांना आधी टोचणारं.

---

पाटोद्याचा (बीड)

लई दिवसांनी असा धागा वाचायला भेटला. सर, त्या पिंपाचं तुम्ही असं सांगितलंय की पुस्तक पुन्हा काढून बसावं लागंल.

गोदाकाठ, तुम्हाला एक विचारतो. आमच्या कॉलेजात सरांनी सांगितलं होतं की ती अंगठी म्हणजे अणुबाँब. मला तवाबी पटलं नव्हतं, पर का पटलं नाही ते सांगता येत नव्हतं. तुम्ही सांगा.

---

गोदाकाठ

तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच होतं. ती कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत आली म्हणून लोकांनी ती युद्धाला आणि बाँबला जोडली. टॉल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत याला सरळ नकार दिलाय. अंगठीच्या इतिहासाचं प्रकरण दुसऱ्या महायुद्धाच्या कितीतरी आधी लिहून झालं होतं असं तो सांगतो. पुढचा त्याचा मुद्दा जास्त मोलाचा आहे : मी त्या युद्धाचं रूपक लिहिलं असतं तर अंगठी नष्ट झाली नसती, ती ताब्यात घेऊन शत्रूवरच वापरली गेली असती. हा माणूस पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर खंदकात होता. युद्धाचा अनुभव पुस्तकात आहेच, पण तो चिखलात आहे, थकव्यात आहे, सोबत्याला न सोडण्यात आहे. एकास एक जोडी लावून तो सापडत नाही.

रूपक वाईट असतं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या गावच्या नाथांची भारुडं म्हणजे उघड रूपकं. विंचू चावला म्हणताना तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे नाथ दुसऱ्याच ओळीत सांगून टाकतात, काही लपवत नाहीत. तरी भारूड रंगतं, कारण म्हणणारा आधी खराखुरा विव्हळतो, लोळतो, अंगाला घाम फुटल्याचं दाखवतो. वेदना आधी विंचवाची, मग क्रोधाची. नाथांना लोकांना शिकवायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी उघडा मार्ग घेतला. कादंबरीकार अर्थ सांगत नाही, तो वाचणाऱ्यावर सोडतो. दोन्हीकडे विंचवाला नांगी मात्र लागते.

---

चिंचोली (हिंगोली)

+१. शेवटच्या वाक्यासाठी खास.

---

हुडा_कॅम्प (खुलताबाद)

मला इथे दास्तानांबद्दल, म्हणजे उर्दूतल्या लांबलचक अद्भुतकथांबद्दल, लिहायचंय. मराठवाड्यात हे निघालंच पाहिजे, कारण १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि आपल्या आजोबा-पणजोबांची एक पिढी उर्दूत शिकली. माझे आजोबा मोडीही लिहायचे आणि तिलिस्मे-होशरुबाही वाचायचे. लखनऊच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३पासून दहा वर्षांत ते हजारो पानांचं प्रकरण छापून काढलं. अमीर हमजाच्या दास्तानाचाच तो भाग.

तिलिस्म म्हणजे जादूगाराने उभं केलेलं अख्खं राज्य. तिथलं आकाश वेगळं, नद्या वेगळ्या, मेलेला माणूसही खरा मेलाय की नाही कळत नाही. पण नियम एक : तिलिस्म बांधलं जातं तेव्हाच ते कशाने मोडेल हेही ठरलेलं असतं. त्याची लौह, म्हणजे पाटी, आतच कुठेतरी असते आणि मोडणाऱ्याचं नावही ठरलेलं असतं. होशरुबाचा बादशहा अफरासियाबला हे ठाऊक आहे. त्याची सगळी ताकद आपला शेवट लांबवण्यात जाते. मला या कल्पनेची धास्ती वाटते आणि ती आवडतेही.

ओझं म्हणाल तर हमजाचा साथीदार अमर अय्यार, त्याची झंबील घ्या. त्या थैलीत काहीही मावतं, माणसं मावतात, शहरं मावतात, आणि ती भरत नाही. अमर हावरा आहे, पडलेली कवडीही उचलतो. पण इतकं सगळं घेऊनही तो वाऱ्यासारखा पळतो. तुमच्या राजाच्या आणि फ्रोडोच्या अगदी उलट. दास्तान सांगणाऱ्यांनी वजन काढूनच टाकलंय. म्हणून मला वाटतं ओझ्याचा नियम सगळ्या अद्भुत कथांना लागू नाही. दास्तानाचा जीव वेगात आणि फसवणुकीत असतो.

हिंदीत देवकीनंदन खत्रींनी १८८८च्या सुमाराला चंद्रकांता लिहिली तेव्हा तिलिस्म तेच ठेवलं आणि जादू काढली. तिथे कळा फिरवल्या की दारं उघडतात, बेशुद्धीच्या पुड्या असतात, यंत्रं असतात. खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते, तिथले पडके किल्ले पायाखाली घातले होते. ते पानोपानी जाणवतं.

आणि आपल्याला तर तिलिस्म बघायला दौलताबादला जायचं. खडक तासून केलेला खंदक, मग ती अंधारी : बोगद्यात वळणं, पायाखाली उंच-सखल पायऱ्या, चुकीच्या वाटेने गेलं की घात, आणि वरच्या तोंडाशी विस्तव करून आत धूर कोंडायची सोय. कादंबरीकाराने रचावं तसं कुणी गवंड्या-पाथरवटांनी रचलंय. पण १२९६ साली अल्लाउद्दीन चालून आला तेव्हा देवगिरी त्या अंधारीत लढून पडली नाही. गडावर घाईने चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं आणि रामदेवरायाला तह करावा लागला, अशी हकिकत आहे. तिलिस्म कशाने मोडेल ते आतच असतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

---

खडूफळा

ताई, मिठाची पोती आणि स्टीव्हन्सनचा रिकामा खड्डा शेजारी ठेवून बघतोय. दोन्हीकडे जागा बरोबर, वस्तू भलतीच.

---

मांजरा (लातूर)

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून काढतो. ज्यांना आपण अभिजात साहसकथा म्हणतो त्यातल्या बऱ्याच कथांत खजिना दुसऱ्याच्या घरचा असतो. हॅगार्डची सॉलोमनच्या खाणींची कादंबरी १८८५ची. आफ्रिका तिथे माणसांनी भरलेली आहे, राजे आहेत, युद्धं आहेत, तरी हिरे कुणी "शोधायचे" ते इंग्रजांनी. रॉबिन्सन क्रूसो (१७१९) बेटावर एकटा असतो तोवर त्याची कष्टाळू वृत्ती मला आवडते. वाळूत माणसाचं एकच पाऊल उमटलेलं दिसतं आणि तो वर्षानुवर्षं भीतीत काढतो, तोही प्रसंग जबरदस्त आहे. पण माणूस प्रत्यक्ष भेटल्यावर तो त्याला पहिल्यांदा काय शिकवतो? तुझं नाव फ्रायडे आणि माझं नाव मालक.

हे आपल्यापासून लांब नाही. अजिंठ्याचं बघा. २८ एप्रिल १८१९ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, त्याला लेणी दिसली आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलं. तेव्हापासून "अजिंठ्याचा शोध" हा शब्दप्रयोग चालतो. त्या खोऱ्यात गुरं चारणाऱ्यांना एवढी मोठी लेणी दिसत नव्हती का? साहसकथेचा साचा इतिहासात घुसतो तो असा.

म्हणून मला व्हर्नचा पाणबुडीवाला कॅप्टन निमो फार जवळचा. समुद्रतळाच्या कादंबरीत तो कोण, कुठला, काही कळत नाही. फक्त जमिनीवरच्या सत्तांचा त्याला संताप आहे एवढं कळतं. नंतरच्या रहस्यमय बेटाच्या कादंबरीत (१८७४-७५) कळतं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर आहे, टिपू सुलतानाचा भाचा, १८५७च्या लढ्यात उतरलेला, घरदार गमावलेला. व्हर्नच्या मनात आधी तो पोलंडचा होता, रशियनांनी घर उजाडलेला; प्रकाशक एत्झेलने नको म्हटलं. म्हणजे व्यवहारापायी नाव बदललं, पण हरलेल्या माणसाचा राग तसाच राहिला. त्याच्याकडे समुद्रात बुडालेल्या जहाजांचं अमाप सोनं आहे, आणि ते तो बंड करणाऱ्यांना पाठवतो. खजिना परत करणारा एक तरी नायक त्या शतकात निघाला.

---

पाटोद्याचा

मांजरा दादा, निमो आपल्याकडचा होता हे म्या पहिल्यांदाच वाचायलोय. अंगावर काटा आला.

---

वाघूरथडी (सोयगाव)

अजिंठ्याचं नाव निघालं म्हणून लिहितेय, आमचं गाव लेण्यांच्या तालुक्यातलं. स्मिथबद्दल मांजरा बोलले ते बोलले. पण लेण्यांच्या आत स्वतःची साहसकथा रंगवलेली आहे, ती सांगायला हवी.

सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा आहे. वाकाटकांच्या हरिषेणाच्या काळातलं लेणं, पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. सिंहल नावाचा व्यापारी जहाज घेऊन निघतो, जहाज फुटतं, तो आणि त्याचे सोबती एका बेटाला लागतात. तिथे सुंदर बायका त्यांना घरी नेतात, संसार थाटतात. त्या राक्षसिणी आहेत हे सिंहलाला कळतं तेव्हा सुटकेला एक उडता घोडा येतो, बलाह. अट एकच, मागे वळून बघायचं नाही. सोबती वळून बघतात आणि पडतात. सिंहल तेवढा घरी पोचतो.

बाकीच्या कुणी इथेच संपवली असती. पण ती राक्षसीण त्याच्या मागोमाग गावात येते, कडेवर मूल घेऊन, हा माझा नवरा, याने मला टाकलं असं सांगत. सिंहल बजावतो, तरी राजा तिच्या रूपाला भुलून तिला राजवाड्यात ठेवून घेतो. एका रात्रीत वाडा खाऊन साफ होतो. मग लोक सिंहलालाच राजा करतात आणि तो फौज घेऊन बेटावर जातो. बेटावरून माणूस सुटला तरी बेट त्याच्या मागे येतं, ही जाण त्या भिंतीवर आहे. खडूफळा सरांनी जिमच्या स्वप्नातला पोपट सांगितला तेव्हा मला हेच आठवलं.

चित्र बघताना एक लक्षात ठेवा. प्रसंग डावीकडून उजवीकडे क्रमाने लावलेले नाहीत. एका जागी घडलेलं सगळं एका जागी रंगवलंय : बेटावरचं बेटावर, राजवाड्यातलं राजवाड्यात, मग ते आधीचं असो की नंतरचं. डोळ्यांनी उडी मारत वाचावं लागतं. म्हणजे ती गोष्ट भिंतीवर नकाशासारखी पसरलेली आहे. नकाशातून कादंबरी निघते तसा इथे गोष्टीचा नकाशा झालाय.

---

गोदाकाठ

वाघूरथडी ताई, हे वाचून सतरावं लेणं नव्याने बघावंसं वाटतंय. जागेनुसार रंगवण्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रक्ताचं लिहायचं राहून गेलं होतं, ते लिहितो. हॅगार्डच्या कादंबरीत खाणीचा नकाशा एका पोर्तुगीजाने मरता मरता स्वतःच्या रक्ताने काढलेला असतो. आमच्या पैठणच्या गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा अशीच रक्ताने लिहिली असं सोमदेव सांगतो. अरण्यात शाई नव्हती म्हणून. सातवाहन राजाला संस्कृत शिकवण्याच्या पैजेत हरला, संस्कृत-प्राकृत-देशी तिन्ही भाषा सोडल्या आणि विंध्याच्या रानात पिशाचांची भाषा शिकून त्यात लिहिलं. राजाने ते नाकारलं, भाषा पैशाची, रचना नीरस आणि अक्षरं रक्ताची म्हणून. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान वाचतो आणि टाकतो. भोवती रानातली जनावरं चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकतात. राजाच्या ताटात सुकं मांस यायला लागतं, तो आजारी पडतो, चौकशी करतो, धावत येतो. तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले. जो एक लाख उरला त्यातून पुढचं सगळं, वेताळासकट.

अंगठी आगीत टाकणाऱ्यापेक्षा हे मला जास्त लागतं. अंगठी दुष्ट होती; फ्रोडोला शेवटच्या पायरीवर तीही टाकवली नाही आणि तिच्या हव्यासाने मागे लागलेल्या गॉलमने बोट तोडून नेली म्हणून काम झालं. इथे जळतंय ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि टाकणाऱ्याचा हात थांबत नाही.

---

हुडा_कॅम्प

वेताळाच्या शेवटच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही. बाप आणि लेक वाटेवर दोन बायकांची पावलं बघतात, एक मोठं, एक लहान. ठरतं की मोठ्या पावलाची बापाची, लहान पावलाची लेकाची. गाठ पडते तेव्हा मोठं पाऊल मुलीचं निघतं आणि लहान आईचं. शब्द पाळतात. मग दोघींना झालेली मुलं एकमेकांची कोण? राजाला उत्तर येत नाही, तो गप्प चालत राहतो, आणि त्यानेच वेताळ खूश होतो. आधीचे सगळे प्रश्न राजाने बरोबर सोडवले आणि दर वेळी मागे गेला. हुशारी हीच त्याची अंधारी होती. जिथे कळलं नाही तिथून तो पुढे सरकला.

---

मांजरा

ताई, तुमचं पटतं, पण माझी अडचण त्याच्या पुढची आहे. वेताळ त्याला सांगतो की भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घाल म्हणाला की मला येत नाही, आधी तू करून दाखव म्हण, आणि तो वाकला की मान उडव. राजा तसंच करतो. ज्याने दहा वर्षं रत्नं दिली त्याच्यावर विश्वास नाही, आणि जो रात्रभर खांद्यावर बसून छळत होता त्याच्यावर आहे. लहानपणी मला हे सरळ वाटायचं, भिक्षू लबाड, वेताळ भला. आता वाटतं की राजाने निवड कशावरून केली हे सोमदेवाने सांगितलेलं नाही आणि मुद्दामच सांगितलेलं नाही. भिक्षूने दहा वर्षांत राजाला एकही प्रश्न विचारला नव्हता, नुसतं देत राहिला. वेताळाने एका रात्रीत त्याला न्यायनिवाडा करायला लावला, बायकोचा, मित्राचा, नोकराचा, चोराचा. राजा कसा विचार करतो हे फक्त त्यालाच माहीत होतं. फुकट देत राहणाऱ्यापेक्षा आपल्याशी बोलणाऱ्याचं वजन राजाने जास्त धरलं, असं मी वाचतो. गोदाकाठ, तुमच्या ओझ्याच्या मुद्द्याला हे जोडून बघा. कोठारातली रत्नं राजाने एकदाही उचलून पाहिली नव्हती.